हॅलॉयसाइट वाढवण्याआधी सिलेन कुठे बसलंय ते बघा

रबाळे एमआयडीसीतल्या सदस्याने विचारलंय: पीपीत (पॉलीप्रोपिलीन प्लास्टिक) अमिनो सिलेन (माती आणि प्लास्टिकला जोडणारं रसायन) लावलेलं हॅलॉयसाइट (अतिसूक्ष्म नळ्यांसारख्या कणांची माती) ५ टक्के घातलं, टेन्साइल (ताण सोसायची ताकद) हललं नाही, इम्पॅक्ट (आघात सोसायची ताकद) तर पडला. आता १० टक्के घालून बघू का?

नका घालू. इम्पॅक्ट पडला म्हणजे बहुधा आत गुठळ्या राहिल्यात, आणि तडा तिथूनच सुटतो. माल वाढवलात तर गुठळ्याही वाढतील.

मुळात पीपीच्या साखळीत अमिनोला धरायला काहीच नसतं. मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पीपी सोबत घाला, त्या ॲनहायड्राइडशी अमिनोची खरी प्रक्रिया होते. नायलॉन ६ असतं तर गोष्ट वेगळी. ते स्वतःच ध्रुवीय, त्यात कोरं, म्हणजे सिलेन न लावलेलं, हॅलॉयसाइटही बऱ्यापैकी पसरतं.

दुसरी शंका मला तुमच्या सिलेनबद्दल आहे. या नळीचा बाहेरचा थर सिलॉक्सेनचा, त्यावर हायड्रॉक्सिल (सिलेन ज्यांना चिकटतं ते गट) फार थोडे. ते मुख्यतः कडांवर, दोषांच्या जागी आणि आतल्या ॲल्युमिनाच्या भिंतीवर असतात. म्हणजे बरंचसं सिलेन १०-१५ नॅनोमीटरच्या पोकळीत जाऊन बसतं, आणि बाहेरच्या पीपीला त्याचा उपयोग शून्य. शिवाय अमिनो सिलेन पाणी मिळालं की आपसातच जुळत सुटतं. थोडं पाणी लागतंच, पण जुलैत आपल्याकडे पावडरची पिशवी उघडी राहिली तर ती किती ओल ओढते ते तुम्हाला सांगायला नको. माती आधी ओव्हनमध्ये वाळवा, गरम असतानाच वापरा.

सिलेन लावून झाल्यावर माती इथेनॉलने नीट धुवा, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग ११० अंशाला वाळवून टीजीए (तापवत नेताना वजन किती घटतं ते मोजणारी चाचणी) करा. कोरी, लावलेली आणि धुतलेली, तिन्हींचे आलेख एकावर एक ठेवा. धुतल्यावर वजनातली घट एकदम कमी झाली, तर ते सिलेन चिकटलेलं नव्हतं, नुसतं पडून होतं. माझ्या मते बहुतेक फसलेल्या बॅचचं उत्तर याच आलेखात असतं, आणि नेमका हाच खर्च लोक वाचवतात.

कंपाउंडिंगला (प्लास्टिक वितळवून मिसळताना) आधी मास्टरबॅच (हॅलॉयसाइट जास्त असलेलं मिश्रण) करा, मग पातळ करून २-३ टक्क्यांवर आणा. व्हॅक्यूम व्हेंट (वाफ ओढून काढणारं तोंड) चालू हवाच.

तुलनेला नुसतं पीपी पुरणार नाही. पीपी अधिक मॅलेइक पीपी, आणि त्यातच कोरं हॅलॉयसाइट, असे दोन नमुने त्याच स्क्रूवर, त्याच तापमानाला काढा. नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळणारच नाही. शक्य असेल तर द्रव नायट्रोजनमध्ये मोडलेल्या तुकड्याचा एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो) काढून घ्या, पवईला आयआयटीच्या सैफ या चाचणी केंद्रात बाहेरचे नमुनेही घेतात. नळ्या स्वच्छ उपटून आल्या असतील आणि मागे रिकामी भोकं असतील तर पकड नाही. नळ्यांवर पॉलिमर लपेटलेलं दिसलं, तरच टक्केवारी वाढवायचं बोलू.