वाचकांचे प्रश्न : वर कोण जाणार?

प्रश्न : आमचा माहीमचा फुटबॉल क्लब आणि धारावीचा एक क्लब एकाच खालच्या डिव्हिजनमध्ये आहेत. दहा संघ, प्रत्येकाशी एकच मॅच, वर जाणार फक्त पहिला. आमचे ६ मॅचमध्ये १३ गुण, त्यांचे ५ मध्ये ११. बाकीचे बरेच मागे. आपसातली मॅच अजून व्हायची आहे. ती ड्रॉ झाली तरी आम्हीच पुढे ना?
– एक वाचक, माहीम

उत्तर : पुढे राहाल, पण फक्त तक्त्यात. विजयाला ३ आणि ड्रॉला १ गुण धरून, तुम्ही उरलेल्या तिन्ही मॅच जिंकलात तर २२ गुण होतात आणि तुमच्याकडून हरल्यामुळे धारावीवाले फार तर २० वर थांबतात. ती मॅच ड्रॉ झाली की तुमची मजल २० पर्यंत आणि त्यांची २१ पर्यंत. म्हणजे बरोबरी त्यांच्या पथ्यावर पडते. हरलात तर तुमचे जास्तीत जास्त १९, त्यांचे २३. तेव्हा ७० व्या मिनिटाला १-१ असताना बचावात उतरू नका, तो डाव त्यांना खेळू द्या.

आता गुणांपेक्षा बेंच, म्हणजे राखीव खेळाडू बघा. या पातळीवरचे निम्मे खेळाडू नोकरीवाले. आठवड्यातल्या दुपारी मॅच पडली की कुणाची शिफ्ट, कुणाची लोकल, आणि मैदानात नऊच जण. सात असले की मॅच सुरू करता येते. सहा असतील तर नाही, आणि वॉकओव्हरमध्ये सहसा ०-३ लागतो. गोलफरकाची (केलेले वजा खाल्लेले गोल) वाट तिथेच लागते. आदल्या रात्री प्रत्येकाला फोन करा, ग्रुपवरच्या अंगठ्यावर विसंबू नका. दुसरा गोलकीपर रजिस्टर केलेला आहे का, पुढच्या पिवळ्या कार्डावर कोण बाहेर बसणार, हेही आजच लिहून काढा.

गुण समान झाले तर आधी गोलफरक धरतात की आपसातला निकाल, हे स्पर्धेच्या नियमपत्रिकेत पाहा. तो नियम सगळीकडे एक नसतो.

मॅच कृत्रिम टर्फवर असेल तर लोखंडी स्टडचे (तळव्याला खुंट्या असलेले) बूट घरी ठेवा. पाय अडकतो आणि गुडघा पिळवटतो. आखूड, संख्येनं जास्त असे रबरी स्टड चालतात. भर दुपारी टर्फ तापतं, त्यामुळे दोन ताजे विंगर (कडेनं धावणारे खेळाडू) शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा.

प्रश्न : असेच वर जात राहिलो तर आय-लीग, म्हणजे देशपातळीवरची लीग, गाठता येईल?
– तेच वाचक

उत्तर : वाट आहे, पण ती फक्त मैदानातून जात नाही. आय-लीगच्या दोन पायऱ्या खाली, २०२३ साली सुरू झालेल्या आय-लीग ३ मध्ये क्लब राज्य संघटनेच्या शिफारशीनं येतात. मुंबईचा केंकरे क्लब आय-लीगपर्यंत पोचला, पण २०२२-२३ नंतर खाली आला. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग (आय-लीगच्या आधीची) जिंकली होती, तरी कंपनीनं २०१० मध्ये संघ बंद केला. तेव्हा वरच्या डिव्हिजनचा फॉर्म भरण्याआधी कोच, फिजिओ, प्रवास आणि सरावाचं मैदान यांचा दोन हंगामांचा खर्च मांडा. मुंबईत मैदानाचं भाडंच बहुतेकांचं कंबरडं मोडतं. स्पॉन्सरचं पत्र हातात नसेल तर त्याचा आकडा जमेत धरू नका.