अॅक्रिलिक आम्लाचं हायड्रोजेल (पाणी शोषून फुगणारं जेल) गोव्यातल्या मिरामारच्या समुद्राच्या पाण्यात, पीएचवरून फुगणं काढणाऱ्या माझ्या समीकरणाच्या गणितापेक्षा खूपच कमी का फुगतं?

तुमच्या समीकरणात पीएच आहे, पण मीठ नाही, म्हणून. पीएच साधारण ४.५ च्या वर गेला की जेलमधले कार्बॉक्सिल (आम्लाचे –COOH) गट ऋणभारित होतात, त्यांच्या जोडीला सोडियम आयन आत येतात आणि आत-बाहेरच्या आयनांच्या फरकाचा परासरण दाब (जास्त आयनांकडे पाणी ओढणारा) जेल फुगवतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. बाहेरच एवढे आयन असले की तो फरक उरतो कुठे? डायपरमधले दाणे (तेही असंच जेल) नळाच्या पाण्यात फुगवून वर चमचाभर मीठ घाला, डोळ्यांदेखत पाणी सोडतात. जेल किती फुगेल ते सांगणाऱ्या फ्लोरी-रेनर समीकरणात डोनन समतोलाचं, म्हणजे आयन जेलच्या आत-बाहेर कसे वाटले जातात त्याचं, पद घाला, आयनिक तीव्रता (पाण्यातल्या आयनांचं भारानुसार मोजलेलं प्रमाण) ०.७ मोलर धरा (पावसात मांडवी नदीचं गोडं पाणी मिसळतं, तेव्हा मोजूनच घ्या). तरीही आकडा थोडा जास्तच येईल: कॅल्शियम दोन कार्बॉक्सिलांना बांधून ठेवतो, ते या पदात येत नाही.