वादळ मान्य, पण दार का उघडलं नाही?

प्रश्न : गेल्या जूनमध्ये मी आणि माझी आई (वय ७१, मधुमेह, इन्सुलिन चालू) अमेरिकेतून भारतात परतत होतो. जाण्यायेण्याचं तिकीट भारतातूनच काढलं होतं. विमानात बसलो, दार लागलं, विमान गेटपासून मागे घेतलं आणि विजांचं वादळ सुरू झालं. तिथून पुढे पाच तास दहा मिनिटं आम्ही जागच्या जागी उभे. पाणी मिळालं ते तीन तासांनी, अर्धा ग्लास. मागची दोन टॉयलेटं तुंबली. आईची साखर ६१ वर आली तेव्हा मी खायला मागितलं, तर ‘जेवण टेकऑफनंतरच’ असं सांगितलं. शेजारच्या बाईंनी दिलेल्या बिस्किटांवर वेळ निभावली. आमच्या डोळ्यांदेखत दोन विमानं गेटवर परत गेली, पण आम्हाला उतरू दिलं नाही. पुढचं विमान चुकलं. कंपनी तीन दिवसांनंतरची जागा देत होती, म्हणून हॉटेल आणि दुसऱ्या दिवशीचं नवं तिकीट आम्हीच पदरचे पैसे घालून घेतलं. आता कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं आहे : हवामान आमच्या हातात नसतं, दिलगिरी म्हणून व्हाउचर घ्या. भाऊ म्हणतो, सोडून दे. हे डांबून ठेवणं नाही का? पोलिसांत जावं का? व्हाउचर घ्यावं का?

उत्तर : आई आता बऱ्या आहेत हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. मी ते आधी शोधलं आणि मग बाकीचं पत्र वाचलं.

भावाचं ऐकू नका. कंपनीने दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात बांधून तुमच्या हाती दिल्या आहेत, त्या आधी सोडवून घ्या. विमान वेळेवर उडालं नाही, ही एक गोष्ट. तिला हवामान हे उत्तर आहे आणि ते बहुतेक वेळा टिकतं. उडत नसलेल्या विमानात माणसांना पाच तास धड पाणीही न देता बसवून ठेवलं, ही दुसरी. तिला हवामान हे उत्तर पुरत नाही. विजा चमकत असताना जमिनीवरच्या कामगारांना उघड्यावर उभं करता येत नाही, त्यामुळे गेटवर विमान लावणारं, शिडी आणणारं कोणी नसतं. तेवढा वेळ कंपनीची बाजू खरी आहे. पण विमानात भरलेलं पाणी प्रवाशांना द्यायला कोणत्या विजेने अडवलं होतं?

हा फरक अमेरिकी कायदा ठेच खाऊनच शिकला. जानेवारी १९९९ मध्ये डेट्रॉइटच्या हिमवादळात हजारो प्रवासी तासन्‌तास विमानांत अडकले. १४ फेब्रुवारी २००७ ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर काही विमानांत तर दिवसच्या दिवस गेला. मला मात्र ऑगस्ट २००९ मधलं रॉचेस्टरचं प्रकरण सर्वांत बोलकं वाटतं. मिनेसोटा राज्यातल्या त्या लहान विमानतळावर वादळामुळे वळवलेलं एक छोटं विमान उतरलं. आतले ४७ प्रवासी जवळजवळ सहा तास, रात्रभर, त्यातच बसून राहिले. टर्मिनल हाकेच्या अंतरावर होतं. जमिनीवरच्या दुसऱ्या कंपनीच्या माणसांनी सांगितलं की सुरक्षा तपासणीचे कर्मचारी घरी गेलेत, आत घेता येणार नाही. चौकशीत निघालं की प्रवाशांना टर्मिनलमध्ये बसवता आलं असतं. विमान तिथे उतरलं ते वादळामुळे, पण दार बंद राहिलं ते माणसांमुळे. त्यात गुंतलेल्या कंपन्यांना मिळून १,७५,००० डॉलर दंड झाला आणि पुढच्या वर्षी, २९ एप्रिल २०१० पासून, नवा नियम लागू झाला.

तोच नियम तुमच्या विमानाला लागतो. कंपनी अमेरिकी नसली तरी लागतो, कारण परदेशी कंपन्यांनाही पुढे त्यात आणलं गेलं. आंतरराष्ट्रीय उड्डाण असेल तर चार तासांच्या आत प्रवाशांना उतरण्याची संधी द्यायची, देशांतर्गत असेल तर तीन. वेळ मोजायची ती उतरण्याची संधी संपली त्या क्षणापासून. दोन तासांच्या आत काही खायला आणि प्यायचं पाणी द्यायचं, टॉयलेट चालू ठेवायचं, गरज पडल्यास वैद्यकीय मदत पुरवायची. अपवाद आहेत : उतरवणं धोक्याचं आहे असं कॅप्टनने ठरवलं, किंवा विमान परत आणल्याने विमानतळाचा कारभार विस्कळीत होईल असं नियंत्रण कक्षाने सांगितलं, तर चार तासांची अट सुटते. तुमची कंपनी याच अपवादाचा आधार घेणार. तुमचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय : दोन विमानं गेटवर परत गेली. ती कोणत्या कंपन्यांची होती, साधारण किती वाजता गेली, हे आठवेल तितकं आजच कागदावर उतरवा. आईंनाही विचारा, खिडकीशी बसलेल्या माणसाला जास्त आठवतं.

आता अडचणीची बाजू. या नियमाखाली दंड होतो तो सरकारजमा. प्रवासी त्या नियमावर बोट ठेवून थेट भरपाई मागू शकत नाही. तरीही अमेरिकी परिवहन विभागाकडे ऑनलाइन तक्रार कराच. त्याला पैसे लागत नाहीत, आणि तक्रार पोचल्यावर कंपनीला ६० दिवसांत मुद्देसूद लेखी उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तरात कंपनी जे कबूल करेल ते तुम्हाला भारतात वापरता येईल.

पोलिसांत मात्र जाऊ नका. तुमचा संताप मला पूर्ण समजतो, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १२७, म्हणजे बेकायदा डांबून ठेवण्याचा गुन्हा, वाचलं की आपलंच वर्णन केलंय असंही वाटेल. पण १९६३ च्या टोकियो करारानुसार प्रवासी चढून विमानाची बाहेरची सगळी दारं बंद झाली की कॅप्टनच्या अधिकारांपुरतं विमान ‘उड्डाणात’ आहे असं धरतात, मग ते जागचं हललेलं नसलं तरी. सुरक्षिततेसाठी कॅप्टनने दिलेल्या हुकमाला कायद्याचं कवच आहे. परदेशी भूमीवर घडलेल्या अशा प्रकाराची फौजदारी तक्रार इथे फिरत राहील आणि तुमची दोन वर्षं खाईल. ती दोन वर्षं का मोलाची, ते पुढे सांगते.

इथे वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. उतरू द्या म्हणणं आणि आणीबाणीची वैद्यकीय मदत मागणं या दोन निराळ्या मागण्या आहेत. जुलै २०१७ मध्ये ओटावाला वादळामुळे वळवलेल्या विमानांत प्रवासी अडकले, एका विमानात जवळपास सहा तास. शेवटी एका प्रवाशाने आतूनच आपत्कालीन क्रमांक फिरवला, तेव्हा बचावपथक आलं आणि पाणी पोचलं. कॅनडाच्या नियामकाने त्या कंपनीला २,९५,००० कॅनेडियन डॉलर दंड केला. साखर ६१ असताना ‘काही खायला द्या’ म्हणू नका, ‘ही वैद्यकीय आणीबाणी आहे, कॅप्टनला कळवा आणि नोंद करा’ असं म्हणा. ते वाक्य कानावर पडल्यावर कर्मचाऱ्यांना ‘जेवण टेकऑफनंतर’ म्हणणं अवघड होतं. आपत्कालीन दाराला मात्र कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही.

पैशांकडे येऊ. तुमचा खरा आधार १९९९ चा माँट्रियल करार. भारतात तो ३० जून २००९ पासून लागू आहे आणि आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याला जोडलेला आहे. त्याचं कलम १९ म्हणतं की उशिरामुळे प्रवाशाचं जे नुकसान होईल त्याला कंपनी जबाबदार, फक्त नुकसान टाळण्यासाठी रास्तपणे करता येण्यासारखं सारं केलं, किंवा तसं करणं अशक्यच होतं, हे तिने सिद्ध केलं तर सुटका. ‘तिने सिद्ध केलं तर’ हे शब्द नीट वाचा. वादळ होतं एवढं म्हणून तिचं काम संपत नाही, वादळ असतानाही तिने काय काय केलं ते तिला दाखवावं लागतं. आणि इथे तुमचं नवं तिकीट नुसत्या खर्चाची पावती राहत नाही. कंपनी म्हणत होती तीन दिवसांनी, तुम्ही दुसऱ्या दिवशी उडालात. जागा होती याचा यापेक्षा चांगला पुरावा मला देता आला नसता.

म्हणून हॉटेल, नवं तिकीट, औषधं, डॉक्टरांची फी हा सगळा प्रत्यक्ष खर्च मागा. उशिरासाठी करारात माणशी कमाल मर्यादा आहे, २८ डिसेंबर २०२४ पासून ६,३०३ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाची एककं. ती कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. मिळेल तेवढंच, जेवढ्याचा कागद असेल.

आईंना झालेल्या त्रासाबद्दल मला जपून बोलायला हवं. करारात शारीरिक इजेची भरपाई आहे, ती ‘अपघाता’मुळे झालेली असावी लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये, दम्याच्या प्रवाशाला धुरापासून दूर बसवायला कर्मचारिणीने वारंवार नकार दिल्याच्या प्रकरणात, असा नकारही ‘अपघात’ ठरू शकतो असं म्हटलं. आईंना खायला नाकारणं त्या ओळीत बसवता येईल. पण त्या प्रकरणात प्रवासी दगावला होता. आईंची साखर सावरली, देवाची कृपा, आणि मागे इजा राहिली नाही. नुसत्या मनस्तापाला हा करार भरपाई देत नाही. आपले ग्राहक आयोग सेवेतल्या त्रुटीसाठी मानसिक त्रासाची रक्कम देतात, आणि पाणी न देणं ही ‘उशीर’ नव्हे तर सेवेतली त्रुटी, असा मुद्दा मी नक्की मांडेन. कंपनीचा वकील म्हणेल, कराराबाहेर काही मागता येत नाही. या मुद्द्यावर निकाल कोणत्याही बाजूला जाऊ शकतो, तेव्हा त्या रकमेवर भिस्त ठेवू नका.

दावा कुठे करायचा, याची धास्ती नको. जाण्यायेण्याच्या तिकिटात अंतिम ठिकाण निघालात तेच धरतात, म्हणजे भारत. ग्राहक आयोगही अशा दाव्यांसाठी न्यायालयच, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केलं आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही. तिकिटाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, एक सविस्तर मेल पाठवा, तारखा आणि तासांसह. पण उत्तराची वाट बघत बसू नका. पोचल्या तारखेपासून दोन वर्षांत दावा दाखल झाला नाही तर करारातला हक्कच संपतो. आजारपण होतं, पत्रव्यवहार चालू होता, यातलं काही चालत नाही.

व्हाउचर घेऊ नका, निदान अटी वाचल्याशिवाय तरी. त्यात ‘सर्व दाव्यांची पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा अर्थाची ओळ असेल तर एका क्लिकवर बाकीचं सगळं सोडून द्याल. तशी ओळ नसली तरी मेलवर लिहून कळवा की तुमचा हक्क राखून ठेवला आहे.

पुराव्यात बोर्डिंग पास, पावत्या आणि त्या दिवशी घरी पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज ठेवा, मेसेजवर वेळ असते. त्या विमानतळाच्या हवामान नोंदी तासातासाला झालेल्या असतात आणि जुन्याही पाहता येतात. विजा नेमक्या कधी थांबल्या ते त्यातून कळेल. शेजारच्या बाईंचा नंबर घेतला असेल तर त्यांना आजच फोन करा, बिस्किटांची गोष्ट त्यांच्या तोंडून यायला हवी.

आणि आईंचं साखर मोजायचं यंत्र जपा. बऱ्याच यंत्रांच्या मेमरीत प्रत्येक मोजणी तारीख-वेळेसह साठते. ती ६१ ची नोंद अजून असेल तर तिचा फोटो काढा, यंत्राचं घड्याळ तेव्हा भारतीय वेळेवर होतं की अमेरिकी हे शेजारी लिहा, आणि तोवर त्याचा सेल बदलू नका.