लहान देणग्या मागण्यापूर्वी

पर्यावरण शिक्षणासाठी देणग्या गोळा करायला निघताना ‘निसर्ग वाचवा’ असे मोघम आवाहन बाजूला ठेवा. पाण्याचा सामू (आम्ल-अल्कता) मोजण्याच्या पट्ट्या, हातभिंग, नोंदवही आणि ओढ्यापर्यंतचा प्रवासखर्च धरून एका मुलाच्या एका क्षेत्रभेटीला किती पैसे लागतात याचा हिशेब करा आणि तेवढीच रक्कम मागा. आपल्या पैशाचे काय होणार हे स्पष्ट दिसले, की देणाऱ्याचा हात सैल होतो. ‘म्हणजे झाडेच लावता ना?’ असे कोणीतरी विचारतेच. तेव्हा पर्यावरण शिक्षणावरील १९७७ च्या आंतरराष्ट्रीय तिबिलिसी परिषदेने या शिक्षणाची जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग ही उद्दिष्टे मांडली होती, हे शांतपणे सांगावे.

पावती शक्यतो त्याच दिवशी द्या. आभारपत्रासोबत मुलाच्या नोंदवहीतील एखाद्या पानाची प्रत जोडा, त्यात चतुराच्या अळीचे वेडेवाकडे चित्र आणि खोडलेली बेरीज असली तरी हरकत नाही. माझ्या मते गुळगुळीत माहितीपत्रकापेक्षा ते अधिक बोलते. मुलांची छायाचित्रे मात्र पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरू नयेत.

क्षेत्रभेटीसाठी मिळालेला पैसा कार्यालयाच्या भाड्याकडे वळवण्याचा मोह अडचणीच्या महिन्यात होतोच, म्हणून अशा देणग्यांची नोंद पहिल्यापासून वेगळी ठेवा आणि भाडे, मानधन यांसाठी पैसे हवे असतील तर ते उघडपणे मागा. एकदाच मोठी रक्कम देणाऱ्यापेक्षा दरमहा थोडे देणाऱ्यांची यादी वाढवण्यावर भर द्यावा, कारण वर्षभराच्या भेटींचे वेळापत्रक त्यांच्याच भरवशावर आखता येते.