ओटीपी कुणालाही दिला नाही, तरी क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार झाला. पैसे मलाच भरावे लागतील का?

कार्ड पाकिटातच होते, ओटीपी आला नाही आणि कुणाला सांगितलाही नाही, तरी मध्यरात्री दोन परदेशी व्यवहार झाल्याचे संदेश आले. सकाळी शाखेत गेलात तर ‘आधी पोलिसांत तक्रार करून या’ असे ऐकावे लागले, असे आपण लिहिले आहे. मी इंदूरमध्येच एका बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो. आपण सांगता तसेच घडले असेल, तर रक्कम परत मिळण्याची शक्यता चांगली आहे. पण हे उत्तर पुढे वाचण्यापूर्वी कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून कार्ड बंद करवून घ्या, तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तीच तक्रार बँकेला ईमेलनेही पाठवा. पोलिसांकडे जायचेच आहे, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर नोंदही करायची आहे, परंतु बँकेला कळवणे त्यासाठी अडवून ठेवू नका.

याचे कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी यंत्रणेत शिरून व्यवहार केला, अशा प्रकरणात व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही, आणि हे दिवस मोजताना संदेश मिळाल्याचा दिवस धरत नाहीत. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर ग्राहकाचा बोजा जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५,००० रुपये राहतो. त्यानंतर मात्र सारे बँकेच्या स्वतःच्या धोरणावर जाते. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातील रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच असतो. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

ओटीपीशिवाय पैसे गेले कसे, हा आपला प्रश्न रास्त आहे. देशातल्या ऑनलाइन खरेदीत ही दुसरी पडताळणी बंधनकारक आहे, म्हणून ती सगळीकडेच असते असा आपला समज होतो. परदेशातील अनेक दुकानदार मात्र केवळ कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक एवढ्यावर पैसे उचलू शकतात. हे आकडे एखाद्या संकेतस्थळाच्या फुटलेल्या माहितीतून बाहेर पडतात, बनावट पानावर भरल्याने जातात किंवा कुणाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या कार्डाच्या छायाचित्रातूनही जातात.

तीन वर्षांपूर्वी माझ्याच कार्डावर रात्री पावणेदोनला एका डॉलरच्या आसपासचा व्यवहार झाला. कार्ड चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी अशी चिल्लर रक्कम आधी टाकतात, हे ठाऊक असल्यामुळे मी उठून लगेच कार्ड बंद केले, आणि चार मिनिटांनी आलेला मोठा व्यवहार नाकारला गेला. त्या रात्रीच्या संदेशांचे स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक लिहिलेला कागद मी अजून जपून ठेवला आहे, कारण पुढचा सारा पत्रव्यवहार किती वाजता कळवले, या एकाच मुद्द्यावर झाला.

ओटीपी स्वतःच दिला गेला असेल, तर चित्र वेगळे असते. रामबागेतल्या आमच्या परिचयाच्या एका काकूंना ‘रिवॉर्ड पॉइंट आज संपत आहेत’ असा फोन आला; बोलणाऱ्याने त्यांच्या कार्डाचे पहिले सहा अंक न चुकता म्हणून दाखवले आणि त्यांचा विश्वास बसला. वास्तविक हे अंक बँक आणि कार्डाचा प्रकार दाखवतात, त्यामुळे त्याच प्रकारच्या हजारो कार्डांवर ते सारखेच असतात. ओटीपी दिल्यानंतर बँकेला कळवेपर्यंत गेलेली रक्कम काकूंनाच सोसावी लागली. पण कळवल्यानंतर जे काही जाईल त्याची जबाबदारी बँकेची, हा नियम त्यांनाही लागू होता. म्हणून चूक झाली या संकोचाने एक तासही गप्प बसू नये, हे मी त्यांच्या घरी बसून सर्वांना कळकळीने सांगितले.

पुढची काळजी म्हणून नवे कार्ड हाती येताच बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर बंद करा. २०२० पासून ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित (कार्ड यंत्राजवळ नुसते धरून होणारा) वापर स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय बँकांना द्यावी लागते. माझे परदेशी व्यवहार वर्षभर बंद असतात; गरज पडली तर तेवढ्या वेळापुरते चालू करतो. दुसरे म्हणजे नोंदवलेला मोबाइल क्रमांक पाहून घ्या. आपल्याकडे मुले पुण्या-मुंबईला असतात आणि आईवडिलांच्या खात्याला मुलाचा क्रमांक जोडलेला असतो. कार्ड इंदूरला, संदेश पुण्याला, आणि मुलगा बैठकीत, अशा स्थितीत मोलाचे तास निघून जातात.

आता राहिले आपले बिल. फसवणूक म्हणून वादात असलेल्या व्यवहारावर निर्णय होईपर्यंत शुल्क लावता येत नाही, तेव्हा ती रक्कम वगळून देय आकडा किती, हे बँकेकडून लेखी मागून घ्या आणि तेवढी रक्कम मुदतीपूर्वी भरा, म्हणजे उरलेल्या खऱ्या खर्चावर व्याज चढणार नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. तिथे तक्रार क्रमांक, संदेशांचे स्क्रीनशॉट आणि पाठवलेला ईमेल एवढे जोडा.