निष्कर्ष खोटा ठरला म्हणून युक्तिवाद दुर्बल ठरतो का?

प्रश्न : मी तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. निगामी युक्तिवाद युक्त किंवा अयुक्त असतो आणि विगामी युक्तिवाद मात्र कधीच युक्त नसतो, असे आम्हाला शिकवले आहे. मग विगामी युक्तिवाद तपासायचा तरी कशाच्या आधारे? सरावाच्या एका उदाहरणात निष्कर्ष पुढे खोटा ठरला होता, म्हणून मी ‘दुर्बल युक्तिवाद’ असे उत्तर लिहिले. शिक्षकांनी ते चूक ठरवले. माझे कोठे चुकले?

उत्तर : तुमच्या शिक्षकांचे बरोबर आहे. ही चूक फार जणांकडून होते, आणि ती नीट समजली की विगमनाचा, म्हणजे विगामी युक्तिवादांचा, निम्मा अभ्यास झाला असे मी मानतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधारविधाने, म्हणजे ज्यांवरून निष्कर्ष काढला जातो ती विधाने, सत्य असताना निष्कर्ष असत्य असणे अशक्यच आहे, असा निगामी युक्तिवादाचा दावा असतो. तो खरा असेल तर युक्तिवाद युक्त, नसेल तर अयुक्त. विगामी युक्तिवाद हा दावा करतच नाही. आधारविधाने सत्य असतील तर निष्कर्ष सत्य असण्याचा संभव मोठा आहे, एवढेच त्याचे म्हणणे असते. जो दावा त्याने केलेलाच नाही, तो पुरा झाला नाही म्हणून त्याला टाकाऊ ठरवणे अन्यायाचे आहे. तो पाहायचा तो सबल की दुर्बल या दृष्टीने, आणि सबलतेला पायऱ्या असतात.

आता तुमच्या चुकीकडे वळू. युरेनस हा ग्रह गणिताने सांगितलेल्या मार्गावरून किंचित ढळतो, हे एकोणिसाव्या शतकात लक्षात आले होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी अनुमान केले की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असला पाहिजे, आणि त्या ग्रहाचे स्थानही गणिताने काढले. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण रोखली, तेव्हा सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे १८५९ मध्ये याच ल व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतील अशाच फरकावरून सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा, असे सुचवले. त्याला व्हल्कन हे नावही मिळाले. तो ग्रह मात्र कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. बुधाच्या चालीतील त्या फरकाचे स्पष्टीकरण १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताने दिले.

या दोन युक्तिवादांची घडण जवळजवळ एकच आहे. १८५९ मध्ये उपलब्ध असलेला पुरावा पाहिला, तर दुसऱ्याला पहिल्याच्या यशाचे जादा पाठबळ होते. तरीही एकाचा निष्कर्ष खरा निघाला आणि दुसऱ्याचा खोटा. म्हणून दुसरा त्या काळी दुर्बल होता असे म्हणता येत नाही. सबलता हा आधारविधाने आणि निष्कर्ष यांच्यातील नात्याचा गुण आहे, आणि निष्कर्षाचे पुढे काय झाले याच्याशी त्या नात्याचा संबंध नसतो. उलट बाजूनेही हेच: नाणे उडवून सांगितलेले भविष्य खरे ठरले, तरी त्यामागचा युक्तिवाद दुर्बलच राहतो.

पुरावा वाढला की मात्र हे नाते बदलते. युक्त निगामी युक्तिवादात आणखी कितीही आधारविधाने घाला, तो युक्तच राहतो; विगामी युक्तिवाद एका ओळीने कोसळू शकतो. ‘हे बटण आजवर हजार वेळा दाबले आणि हजारही वेळा दिवा लागला, म्हणून आताही लागेल’ हा चांगला सबल युक्तिवाद आहे. त्यात ‘दहा मिनिटांपूर्वी वीज गेली आहे’ एवढी भर घाला, की त्या हजार अनुभवांचा काही उपयोग उरत नाही. तेव्हा युक्तिवाद तपासताना काय सांगितले आहे यासोबत काय सांगायचे राहिले आहे, हेही विचारावे.

नमुन्यावरून सर्वांविषयी बोलणारे युक्तिवाद तुम्हाला सर्वांत जास्त भेटतील, आणि तेथे पहिली नजर नमुन्याच्या आकड्याकडे जाते. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक लोकांनी त्या भरून परत केल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असे साप्ताहिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मतपत्रिकांसाठीचे पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते, आणि मंदीच्या त्या काळात टेलिफोन किंवा मोटार बाळगणारा वर्ग साऱ्या मतदारांसारखा नव्हता. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली ते, न पाठवणाऱ्यांहून वेगळे असू शकतात, हेही विसरले गेले.

याच्या शेजारी रक्ततपासणी ठेवून पाहा. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि तपासणीसाठी काही मिलिलिटर पुरते, कारण रक्त सतत फिरत आणि मिसळत असते. दंडातून काढलेला थेंब इतर थेंबांचा प्रामाणिक प्रतिनिधी असतो. लाखो मतपत्रिका अपुऱ्या आणि चार थेंब पुरेसे, हे विचित्र वाटले तरी कारण एकच आहे: नमुना किती मोठा, याआधी तो कसा निवडला, हे पाहावे लागते.

निष्कर्ष किती मोठा बोलतो, हेही पाहावे. त्याच पुराव्यावर ‘सर्व’ऐवजी ‘बहुतेक’ म्हटले, की युक्तिवाद पूर्वीपेक्षा सबल होतो. उत्तरपत्रिकेत ‘सबल’ किंवा ‘दुर्बल’ एवढाच शब्द न लिहिता कोणत्या कारणाने, हे एका वाक्यात लिहीत जा.

प्रश्न : विगमनाचा निष्कर्ष संभाव्यच असेल, तर गणिती विगमनाने सिद्ध केलेली प्रमेयेही संभाव्यच म्हणायची का?

उत्तर : नाही. येथे नावाने घोटाळा केला आहे. गणिती विगमनात पहिल्या संख्येबाबत विधान खरे आहे, आणि ते कोणत्याही एका संख्येबाबत खरे असेल तर तिच्या पुढच्या संख्येबाबतही खरे असते, हे दोन्ही सिद्ध केल्यावर सर्व संख्यांबाबतचा निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतो. म्हणजे ही पद्धत निगामीच आहे. खरे विगमन गणितात कसे दिसते, ते गणितज्ञ फर्मा यांच्या संख्यांत पाहावे. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या त्यांच्या सूत्रातून येणाऱ्या पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत (म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही), आणि त्यावरून सूत्राची प्रत्येक संख्या मूळच असावी, असे सतराव्या शतकात त्यांना वाटले. १७३२ मध्ये ऑयलर यांनी सहावी संख्या, ४,२९,४९,६७,२९७, हिला ६४१ ने निःशेष भाग जातो असे दाखवले.