एचपीएलसीवरून प्रोटिओमिक्सकडे: जर्मनीला येऊ पाहणाऱ्या धाकट्या मैत्रिणीला

पुण्यात औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) चार वर्षं एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) चालवतेय, मास स्पेकला (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला) कधी हात लावला नाही, तरी जर्मनीत प्रोटिओमिक्समध्ये (पेशीतल्या सगळ्या प्रथिनांच्या अभ्यासात) पीएचडी मिळेल का, असं तू विचारलंस. ताई म्हणालीस, म्हणून अगंतुगंच करते. मी सात वर्षं म्युनिकजवळ याच कामात आहे.

मिळेल. तुझी चार वर्षं हीच तुझी जमेची बाजू आहे. इथे येणाऱ्या बहुतेक मुलांचं लक्ष ऑर्बिट्रॅपवर, म्हणजे मास स्पेकच्या एका प्रकारावर असतं, घटक वेगळे करणाऱ्या नळीकडे, कॉलमकडे, कोणी बघत नाही. पण पेशीतली प्रथिनं ट्रिप्सिन या एन्झाइमने तोडली (लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे तो कापतो) की लाखांच्या घरात पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, होतात. सगळे एकदम आत गेले तर भरपूर असलेले थोडक्यांना दाबून टाकतात, त्यांचे आयनच (विद्युतभारित कण, मास स्पेक तेच मोजतो) नीट होत नाहीत. सी-१८ कॉलम (१८ कार्बनच्या साखळ्या चिकटवलेल्या मण्यांनी भरलेला) त्यांना तास-दीड तास रांगेत सोडतो, म्हणून मास स्पेकला एकेक मोजायला सवड मिळते. कॉलम बिघडला की दिवसभराचं मोजमाप गेलं.

काही सवयी मात्र सोडाव्या लागतील. फॉस्फेट बफर विसर. ते मीठ उडून जात नाही, सोर्सवर, म्हणजे आयन तयार होतात तिथे, पांढरं कवच धरतं. टीएफए या ॲसिडने पीक (आलेखातले उंचवटे) देखणे येतात, पण इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (द्रवाचा फवारा करून आयन बनवताना) सिग्नल मरतो, म्हणून ०.१ टक्के फॉर्मिक ॲसिड वापरतात आणि पीक जरा रुंद आला तरी चालवून घेतात.

सगळ्यात जड जातो तो फ्लो. तू मिनिटाला १ मिलीने चालवतेस, इथे ३०० नॅनोलिटरने, म्हणजे तासाला फक्त १८ मायक्रोलिटर. कॉलमचा आतला व्यास ७५ मायक्रॉन. गळती झाली तर थेंब दिसतच नाही, जमायच्या आधी वाळून जातो. प्रेशरचा आलेख किंचित खाली आलाय का, रिटेंशन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायची वेळ) दोन मिनिटांनी सरकलाय का, यावरून ओळखायचं. ही नजर तुला आधीच आहे. बऱ्याच लॅबमध्ये कॉलम हातानेच भरतात: केसासारखी बारीक काचेची नळी, टोक लेझरने ओढून निमुळतं केलेलं, खाली दाबाच्या भांड्यात ढवळत असलेले सी-१८चे मणी. भिंगातून बघितलं की पांढरी रेघ मिलिमीटर-मिलिमीटर वाढताना दिसते. मला अजूनही त्या वेळी कुणी बोललेलं चालत नाही.

आणखी एक, केराटिन, म्हणजे केस, त्वचा आणि लोकरीतलं प्रथिन. पहिल्या हिवाळ्यात आईने विणलेला लोकरीचा स्वेटर घालून मी नमुने केले आणि निकालात मेंढीचं केराटिन निघालं. आठवड्याचं काम पुन्हा करावं लागलं. लॅबमध्ये सुतीच घाल.

आता तयारी. मॅक्सक्वांट हे मास स्पेकचा डेटा तपासणारं सॉफ्टवेअर म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडच्या माक्स प्लांक जैवरसायन संस्थेत तयार झालं, ते फुकट मिळतं. प्राइड या प्रोटिओमिक्स डेटाच्या खुल्या भांडारातून कुणाचाही कच्चा डेटा उतरवून घे आणि मुलाखतीआधी घरी एकदा शेवटपर्यंत चालवून बघ. आयआयटी मुंबईचे प्रोटिओमिक्सचे एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरचे कोर्सही आहेत. अर्जात ‘एचपीएलसीचा अनुभव’ एवढंच लिहून थांबू नकोस. कुठला बिघाड कसा शोधलास ते चार ओळींत लिही.

पीएचडी इथे बहुधा नोकरीच असते. पगार ई-१३ या सार्वजनिक क्षेत्रातल्या वेतनश्रेणीचा ठरावीक हिस्सा, बऱ्याचदा ५० ते ६५ टक्के. जाहिरातीत तो आकडा आधी बघ, म्युनिकचं घरभाडं भारी आहे. आणि मुलाखतीत दोन गोष्टी तूच विचार: कॉलम विकत घेता की इथेच भरता, आणि एका विद्यार्थ्याला महिन्यात मशीनवर किती दिवस मिळतात? दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर तिथल्या एखाद्या पीएचडीच्या मुलीला फोन करून खात्री करून घे, मगच सही कर.